गोळ्या चालू, तरी एचबी जागेवरच: लोह कुठं अडतंय ते कसं शोधायचं

"ताई, ह्या गोळ्यांनी काही होत नाही. ह्यापेक्षा भारी द्या."

आमच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतंच. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल आहे आणि मी तिथं एकोणीस वर्षं उभी आहे. समोरच्या बाईच्या हातात दोन रिपोर्ट असतात, एक तीन महिन्यांपूर्वीचा आणि एक कालचा. पहिल्यात हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी, ८.९, दुसऱ्यात ९.१. मधल्या काळात नव्वद गोळ्या विकत घेतलेल्या. पूर्वी मी पण मागच्या रॅकमधून दुसऱ्या कंपनीचं पाकीट काढून द्यायचे, आणि तीन महिन्यांनी तीच बाई तोच आकडा घेऊन परत यायची. आता पाकिटाला हात लावायच्या आधी मी प्रश्न विचारते.

एक गोष्ट आधीच सांगते. मी डी.फार्म. आहे, डॉक्टर नाही. गोळी कशी आणि कधी घ्यायची हे सांगणं माझं काम. कोणती आणि किती, हे डॉक्टरांचं. त्यामुळं खाली जिथं मी "थांबा" म्हटलंय, तिथं खरंच थांबा.

लक्षणं

रक्त कमी असल्याची लक्षणं सगळ्यांना पाठ असतात: जिना चढताना धाप, छातीत धडधड, उठताना डोळ्यांपुढं अंधारी, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकी, केस गळणं, नखं मऊ पडणं. पण एक लक्षण बायका आपणहून सांगत नाहीत. "काही वेगळं खावंसं वाटतं का?" असं हळूच विचारलं की मान खाली जाते. पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ, बर्फ. एक सासूबाई सुनेची तक्रार घेऊन आल्या होत्या, "फ्रिजमधला बर्फ दिवसभर कडाकडा चावते, दात पडतील." बर्फाची ती ओढ म्हणजे बहुतेकदा लोहाची कमतरता असते. लोह पोचायला लागलं की ही ओढ एचबी वाढायच्या आधीच जाते, म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवायला सांगते.

पण ही सगळी कमतरतेची लक्षणं झाली. गोळी लागू पडत नाही हे ओळखायच्या खुणा वेगळ्या. नियमित गोळी घेऊन चार आठवड्यांत एचबी निदान एकनं वाढायला हवं. ते वाढलं नाही, किंवा वाढतं आणि गोळी थांबवली की दोन-चार महिन्यांत परत खाली येतं, किंवा इतक्या गोळ्या खाऊनही शौचाचा रंग अजिबात काळपट झालेला नाही. ह्या तिन्हीतलं काही असेल तर पुढं वाचा.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगते: बाईला १२, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३, ह्याखाली गेलं की रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ह्या रेषेखाली निघाल्या. म्हणजे रांगेत तुम्ही एकट्या नाही.

आधी ते दोन आकडे एकमेकांशी जुळवता येतात का ते बघा

ह्याला एक पैसा लागत नाही. पहिला एचबी शिबिरात बोट टोचून काढलेला, दुसरा लॅबमध्ये शिरेतलं रक्त घेऊन मशिनवर केलेला, अशी जोडी माझ्यासमोर सारखी येते. जुन्या पद्धतीत तर नळीतल्या रक्ताचा रंग काचेच्या पट्टीशी डोळ्यांनी जुळवतात. बघणारा बदलला की आकडा बदलतो. बोट जोरात दाबून थेंब काढला तर त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं. अशा दोन रिपोर्टांत अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक सहज पडतो, मग तो वाढलाय की घटलाय हे कोण सांगणार? तुलना करायची तर लॅब एकच आणि पद्धत एकच.

मग गोळ्या मोजा

नव्वद गोळ्या विकत घेतल्या म्हणजे नव्वद पोटात गेल्या असं नाही. मी रागावून विचारत नाही, फक्त म्हणते, "घरातली उरलेली पाकिटं घेऊन या, तारखा बघू." एकदा एक बाई प्लास्टिकच्या पिशवीतून सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्यांची चौदा रिकामी पाकिटं घेऊन आल्या. सून सात महिन्यांची गरोदर. गोळी घेतली की मळमळतं आणि तोंडाला गंज लागल्यासारखी चव येते, म्हणून ती गोळी पदराला बांधायची आणि नंतर मोरीत टाकायची. सासूला वाटत होतं, सरकारी गोळ्यांत दम नाही.

सरकारी लाल गोळीत दम आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, असा कार्यक्रम आहे. उपकेंद्रात ती फुकट मिळते.

मळमळ होत असेल तर गोळी बंद करण्यापेक्षा थोड्या खाण्यानंतर घ्या. शोषण जरा कमी होईल, पण मोरीत गेलेल्या गोळीचं शोषण शून्यच असतं.

इथंच पाकिटाची मागची बाजू वाचायची. "फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम" असं लिहिलेलं असतं ते सगळं लोह नसतं. त्यातलं मूळ लोह साधारण ६५ मिलिग्रॅम. फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅममध्ये ते ३५ च्या आसपास भरतं. शोधायचा शब्द एकच, "एलिमेंटल आयर्न", म्हणजे मूळ लोह. बाटलीवर लाल द्राक्षांचं चित्र असलेली काही टॉनिकं आहेत, त्यांच्या एका चमच्यात हा आकडा इतका लहान असतो की त्यानं रक्तक्षय भरून यायचा नाही. आणि "सगळं एकातच" असलेल्या ज्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या असतात, त्यात लोह, कॅल्शियम आणि झिंक एकाच पुडीत कोंबलेलं असतं. आतड्यात ते एकमेकांची वाट अडवतात. लोहाच्या कमतरतेवर मी त्या कधी सुचवत नाही.

गोळीबरोबर आणखी काय जातंय?

निम्म्याहून जास्त भानगडी इथं सुटतात, म्हणून इथं जरा थांबते.

"पाण्यानंच घेते हो," बाई सांगते. मी विचारते, "आणि पाण्यानंतर?" मग खरी हकिकत निघते. सकाळी उठल्यावर गोळी पाण्याबरोबर, तोंडाची चव जावी म्हणून लगेच पाच मिनिटांत चहा आणि दोन खारी. तिच्या हिशेबात गोळी पाण्यानं घेतली. पोटाच्या हिशेबात चहानं.

चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि त्याचा असा गोळा करतं की आतड्याला तो उचलता येत नाही. १९८३ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर चहा दिला तेव्हा लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफी दिली तेव्हा ३९ टक्क्यांनी. त्यातली मला सगळ्यात उपयोगाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जेवणाआधी तासभर कॉफी घेतली तर काही फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभरानं घेतली तरी नुकसान तेवढंच झालं. म्हणजे आधीचा चहा चालेल, नंतरचा नडतो. माझा नियम असा: चहा होऊन तासभर गेला की गोळी, आणि गोळीनंतर दोन तास चहा नाही. चहा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. सांगून कुणी सोडलाय?

दुसरा अडथळा कॅल्शियमचा, आणि तो गरोदर बायकांत हमखास सापडतो, कारण त्यांना दोन्ही गोळ्या एकाच वेळी, एकाच पिशवीत मिळतात. लाल आणि पांढरी, दोन्ही रात्री जेवणानंतर दुधाबरोबर, "एकदाच घेऊन मोकळं व्हावं" म्हणून. त्या एका घोटात गोळीतलं कॅल्शियम, दुधातलं कॅल्शियम आणि लोह एकदम येतं. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या, लोह त्यापासून निदान दोन तास लांब. नाचणीची खीर किंवा आंबील चांगलीच, पण नाचणीतही १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शिवाय टॅनिन. त्या वाटीवर गोळी नको.

तिसरी अ‍ॅसिडिटीची गोळी. सकाळी अनशापोटी ती घ्यायची सवय इतकी पसरलीय की लोक तिला औषधच धरत नाहीत. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?" ह्यावर "नाही" असंच उत्तर येतं. गोळीतलं लोह विरघळायला आणि शोषता येईल अशा रूपात राहायला जठरातलं आम्ल लागतं. आम्ल दाबून ठेवलं तर लोह पुढं जातं ते तसंच. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ चंही शोषण घटतं. पण ही गोळी स्वतःहून बंद करू नका. ती कशासाठी चालू झाली होती आणि अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. निम्म्या लोकांना ती चालू का केली हेच आठवत नाही, असा माझा अनुभव.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी तर दोन्हीत चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर लोहही वाया आणि थायरॉईडचा रिपोर्टही बिघडलेला. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स चालू असतील तेव्हाही अंतर लागतं. किती ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

लिंबाचं काय? जेवणात लिंबू पिळलं तर भाजी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं, हे पक्कं. पण गोळीबरोबर वेगळी व्हिटॅमिन सीची गोळी विकत घ्यायची गरज नाही. चीनमध्ये ४४० रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२० मध्ये आला: नुसतं लोह घेणारे आणि लोहासोबत सी घेणारे, दोन्ही गटांत एचबी सारखंच वाढलं. माझी विक्री कमी होते, पण काय करणार.

आणि बीट. बिटाचा रंग लाल म्हणून रक्त वाढतं हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. पालकात लोह आहे, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. त्यापेक्षा मोड आलेली मटकी, वर लिंबू, हे काम जास्त करतं, कारण भिजवून मोड आणताना कडधान्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबाची फोड ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे आधीच कळलेलं होतं. मात्र एचबी आठ-नऊवर असताना नुसत्या जेवणावर भरवसा ठेवू नका. खड्डा मोठा आहे, त्याला गोळी लागतेच.

दिवसातून दोनदा घेतली तर दुप्पट फायदा होतो का?

नाही. हे मलाही खूप उशिरा कळलं.

आमच्याकडं उसाला पाटाचं पाणी येतं. दार उघडायचं की बंद करायचं हे पाटकरी ठरवतो. कालव्याला कितीही पाणी असो, दार बंद असेल तर वावर कोरडंच. शरीरात लोहाचा असा पाटकरी आहे, हेप्सिडिन. ते यकृतात तयार होतं. लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पेशींमध्ये शिरतं, पण तिथून रक्तात उतरायचं दार हेप्सिडिन बंद करतं. रक्तात लोह अचानक वाढलं की यकृत हेप्सिडिन सोडतं, कारण जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडं वाटच नाही. आतच घ्यायचं नाही, एवढाच त्याच्या हातातला उपाय.

झुरिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की ६० मिलिग्रॅम लोहाच्या एका डोसनंतर हेप्सिडिन साधारण दिवसभर चढं राहतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं शोषण ३५ ते ४५ टक्क्यांनी घटतं. २०१७ मध्ये त्यांनी लोह कमी असलेल्या बायकांना १४ गोळ्या दिल्या, काहींना रोज, काहींना एक दिवस आड. रोजच्यांत सरासरी १६ टक्के लोह शोषलं गेलं, आडदिवशीच्यांत २२ टक्क्यांच्या आसपास. आणि एका दिवसाचा तोच डोस एकदम दिला काय आणि दोनदा वाटून दिला काय, फरक पडला नाही.

हे वाचून लगेच आडदिवशी चालू करू नका. बारकाईनं बघा: आडदिवशी घेतल्यावर गोळीमागे जास्त लोह मिळतं, पण त्या १४ गोळ्या संपायला २८ दिवस लागतात. ज्यांना गोळी सोसत नाही, पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोडूनच देतात, त्यांना हा मार्ग वरदान आहे. घाई असलेल्या, विशेषतः गरोदर बाईनं, डॉक्टरांनी रोज सांगितली तर रोजच घ्यायची. दिवसातून दोनदा घेऊन पोट बिघडवून घेणाऱ्यांना मात्र मी चिठ्ठी घेऊन परत डॉक्टरांकडं पाठवते, की एकदाच करता येईल का.

हाच पाटकरी ताप, जुनी सूज, संधिवात, जुनाट संसर्ग ह्यांतही दार लावून बसतो. म्हणून टायफॉइडच्या तापात लोहाची गोळी सुरू केली आणि "लागू पडली नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी ताप बरा होऊ द्या म्हणते.

जंत

शेतात, गोठ्यात अनवाणी वावरणाऱ्यांत अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. गोळी स्वस्त, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते. आईला कुणी देत नाही, आणि भाताच्या चिखलात उभी असते ती आई. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेत नाहीत, म्हणून पाळी चुकली असेल तर विचारल्याशिवाय नको.

गळती

टाकी भरत नसेल तर आपण नळाला दोष देतो, बुडाचं भोक बघत नाही.

पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल तर ते जास्त समजतात. आता मोजायचं कसं? दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रात्री उठून बदलणं, मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपलीकडं जाणं, ही मोजपट्टी. ८० मिलिलिटर रक्तातून ३५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. शरीर जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतं, आणि रोजच्या झिजेत त्यातलं एक जातंच. हिशेब जुळतच नाही. "आमच्याकडं सगळ्यांनाच अंगावरून जास्त जातं" असं म्हणणाऱ्या बायकांना मी हा हिशेब पाकिटाच्या मागं लिहून देते. गर्भाशयात गाठ असेल, थायरॉईड असेल, कारण शोधावंच लागतं. थांबा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा.

दुसरी गळती पोटातली. ही मी घरात पाहिली आणि तिथं चूक माझी होती.

सासऱ्यांचे गुडघे दुखायचे. आमच्याच दुकानाच्या ड्रॉवरमधून ते दुखण्याच्या गोळ्या घ्यायचे, मला न विचारता, रोज एक-दोन. एचबी १०.२ आला. मी म्हटलं, वय झालंय, जेवण कमी झालंय, आणि लोहाचं सिरप चालू केलं. काही आठवड्यांनी ते म्हणाले, "शौचाला काळं होतंय गं." मी हसून म्हटलं, "अण्णा, लोहानं होतंच ते." पंधरा दिवसांनी पहाटे मोरीत चक्कर येऊन पडले. एचबी ६.८. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त झिरपत होतं. रक्त चढवावं लागलं, वाचले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला फरक सांगते. लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग काळा किंवा काळपट हिरवा होतो, पण ते एरवीसारखं बांधून असतं. रक्तस्रावाचं शौच डांबरासारखं चिकट, चकचकीत असतं, भांड्याला चिकटतं आणि त्याचा वास वेगळाच, उग्र येतो. असं दिसलं तर तपासण्या वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर "जेवण कमी" हे उत्तर घेऊच नका. त्यांच्या शरीरातून दर महिन्याला रक्त जात नाही, मग लोह गेलं कुठं? मूळव्याध, अल्सर, आतड्यातली गाठ, कॅन्सरसुद्धा, हे सगळं तिथं बघायचं असतं. माझ्याकडून ह्यांना टॉनिक मिळत नाही. चिठ्ठी आणा म्हणते. लोक रागावतात, पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ देत.

सीबीसीचा कागद नीट वाचा

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तुमच्याकडं जो रिपोर्ट आहे त्यात एचबीच्या खाली आणखी दहा ओळी असतात. त्यातली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ही बघा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, एमसीव्ही ८० च्या खाली जातो.

तो १०० च्या वर असेल तर अडचण बहुधा लोहाची नाहीच, बी१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची आहे, आणि तुम्ही चुकीच्या कुलपाला किल्ली लावताय. माळकरी घरांत, दूधही फारसं न घेणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे बघावंच. बी१२ ची वाट लोहापेक्षा लांबची: जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं बोट धरून ते थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला उतरतं. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जिभेची आग असं काही असेल तर उशीर करू नका; नसांचं नुकसान मागं फिरेलच असं नाही.

लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर मोठ्या-लहान पेशींची सरासरी निघून एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसतो. तेव्हा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातल्या तफावतीचा आकडा, वाढलेला असतो, तो चुगली करतो.

आता उलटा प्रकार. एमसीव्ही खूप कमी, ६५-७०, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, पाच-साडेपाच दशलक्ष. अशा वेळी थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची. हा आजार असा नाहीच, आईवडिलांकडून आलेली खूण आहे. लोह कमी नसेल तर गोळ्यांचा उपयोगही नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत हे जास्त दिसतं, पण इतरांतही असतं. एचपीएलसी ही तपासणी त्यासाठी. लग्नाआधी दोघांनी करून घेतली तर फार बरं. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या लोकांनी सिकलसेलचीही करून घ्यावी.

लोह खरंच कमी आहे का ह्याचं सरळ उत्तर फेरिटिन देतं. तो साठ्याचा आकडा आहे. ३० च्या खाली असेल तर कमतरता समजायला हरकत नाही. मात्र अंगात सूज-संसर्ग असताना तो खोटा वाढलेला दिसतो. सीबीसीपेक्षा महाग आहे, पण तीन महिने चुकीच्या गोळ्या खाण्यापेक्षा स्वस्तच.

इथून पुढं माझं काम नाही

गोळ्या मोजल्या, चहा लांब केला, जंत काढले, गळती नाही, फेरिटिन कमीच, आणि तरी एचबी हलत नाही. मग प्रश्न आतड्याच्या अस्तराचा असू शकतो. गव्हातल्या ग्लुटेननं अस्तर झिजवणारा सिलिअ‍ॅक आजार, जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, पूर्वी झालेलं जठराचं ऑपरेशन. ह्यासाठी पोटविकारतज्ज्ञ लागतात. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. गोळीनं होणारच नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण ते दवाखान्यातच. घरी येऊन सलाइन लावणाऱ्या कुणाकडून नाही.

ह्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट दवाखान्यात कुणी जायचं तेही सांगते: बसल्याजागी दम लागणारे, छातीत दुखणारे, एचबी ८ च्या खाली असलेले, आणि दिवस भरत आलेल्या, रक्त कमी असलेल्या बायका. शिवाय घरातल्या लहान मुलानं लाल गोळ्या चॉकलेट समजून गिळल्या तर एक मिनिट घालवू नका. उलट्या थांबून मूल काही तास खेळायलाही लागतं आणि मग अचानक बिघडतं. पाकीट बरोबर घेऊन जा, किती गोळ्या गेल्या ते डॉक्टरांना कळायला हवं.

आकडा १२ झाला, मग परत का उतरला?

कारण तुम्ही बारा बघून गोळी बंद केलीत. एचबी भरलं म्हणजे रोजच्या खर्चाचे पैसे हातात आले; कणगी अजून रिकामीच आहे. साठा भरायला एचबी नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात. डॉक्टरांना विचारून शेवटची तारीख ठरवा आणि ती कालनिर्णयवर लिहून ठेवा. मी तर पाकीट देतानाच त्याच्यावर मार्करनं दोन ओळी लिहिते: "चहानंतर तासानं. बारा झालं तरी बंद नाही."